मुलांचं अभिनय-मॉडेलिंग आणि एजन्सी : इंदूरच्या मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

उन्हाळ्यात मी मुलांची नाट्यशिबिरं घेते आणि गणपतीत कॉलनीतल्या मंडळासाठी नाटुकली बसवते. शेवटच्या दिवशी पडदा पडला की कोणाची तरी आई किंवा बाबा हळूच बाजूला घेतात आणि विचारतात, "ताई, हिला जाहिरातीत वगैरे कुठे काम मिळेल का हो?" शिबिरातली काही मुलं पुढे जाहिरातींत दिसली, काहींबरोबर मी सेटवर जाऊन बसलेही आहे. मी एजंट नाही आणि कोणत्याच एजन्सीकडून मला दमडी मिळत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मुलांना काम मिळवून देणाऱ्या एजन्सीला काम आणि पैसे मिळतात ते जाहिरात किंवा मालिका करणाऱ्यांकडून. साहजिकच ती आधी त्यांची सोय बघते. त्यात गैर काही नाही, तो धंदाच तसा आहे. पण सेटवरच्या गर्दीत मुलाच्या बाजूने बोलणारं माणूस तुमच्याशिवाय दुसरं कोणी नसतं. खालची बहुतेक उत्तरं याच हिशेबाने दिली आहेत.

सगळे म्हणतात मुलगी फार चुणचुणीत आहे. टीव्हीवर चालेल का?

पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखवणं वेगळं आणि अनोळखी वीस माणसं बघत असताना, तोंडावर दिवा घेऊन, तेच वाक्य पुन्हा पुन्हा तितक्याच उत्साहाने म्हणणं वेगळं. मी तीन गोष्टी बघते. परक्या माणसाने सांगितलेलं मूल ऐकतं का? थांब म्हटल्यावर थांबतं का? आणि भूक लागली, झोप आली की किती लवकर बिनसतं? दिसणं पालकांना वाटतं तितकं महत्त्वाचं नसतं. जाहिरातीत बहुतेकदा आई-बाबांचे कलाकार आधी ठरतात आणि त्यांचं वाटेल असं मूल शोधलं जातं. म्हणून उत्तम ऑडिशन देऊनही काम दुसऱ्याला जातं आणि त्याचं कारण कोणी सांगत बसत नाही.

रंग सावळा आहे, अडचण येईल का?

काही ठिकाणी अजूनही येते, खोटं कशाला सांगू. पण सावळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, असं जाहिरात क्षेत्राच्याच नियामक संस्थेने २०१४ मध्ये ठरवलं आहे आणि साध्यासुध्या घरातली वाटणारी मुलं आता मुद्दाम शोधली जातात. फोटो फिल्टरने उजळून पाठवू नका. समोर आलेलं मूल फोटोतल्यासारखं नसलं तर काम जातं, आणि मुलाला कळतं की आईला माझा रंग आवडत नाही.

इंदूरला राहून जमतं, की मुंबईला बिऱ्हाड हलवावं लागतं?

पहिली फेरी आता बहुतेक वेळा मोबाइलवर केलेल्या व्हिडिओवरच होते, त्यासाठी कुठे जावं लागत नाही. शॉर्टलिस्ट झालं तर लुक टेस्टला, म्हणजे कपडे-मेकअप करून मूल भूमिकेत कसं दिसतं ते बघतात त्याला, आणि शूटला मुंबई गाठायची. अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी बोरिवलीला उतरलं की अंधेरी-गोरेगाव जवळच. ऑडिशनांची बरीच वर्दळ अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या आरामनगरात असते. ऑडिशनच्या प्रवासाचा खर्च सहसा आपलाच. निवड पक्की झाल्यावर मात्र येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च कोण करणार, हे तिकीट काढण्याआधी लेखी विचारा.

मुंबईच कशाला, आपल्या आसपासही कामं असतात. महेश्वरचा घाट, मांडू, चंदेरी इथे चित्रीकरणं होतात. मध्य प्रदेश सरकारचं चित्रपट-पर्यटन धोरण २०२० पासून आहे आणि बाहेरून आलेल्या युनिटला छोट्या भूमिकांसाठी इथलीच मुलं लागतात. शिवाय इंदुरात रेडीमेड कपड्यांचा मोठा व्यापार आहे. मुलांच्या कपड्यांचे कॅटलॉग, शाळांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांच्या जाहिराती यांत पैसे कमी मिळतात, पण मूल संध्याकाळी घरी जेवायला असतं. सुरुवात तिथूनच करावी, असं माझं मत.

रोजच्या मालिकेचं गणित निराळं आहे. आई किंवा बाबांपैकी एकाला महिनोन्‌महिने मुंबईत राहावं लागतं, घर दोन ठिकाणी वाटलं जातं. टीआरपी घसरला की मालिका गुंडाळली जाते आणि तोवर इथली शाळा सुटलेली असते. एका भूमिकेच्या भरवशावर कोणी नोकरी सोडून निघालं की माझ्या पोटात गोळा येतो.

घरी मराठी, बाहेर हिंदी. उच्चारांचं काय?

आपल्या मुलांना हिंदी घरच्यासारखीच येते, ही जमेची बाजू. मराठी मालिकांसाठी मात्र आपल्या मराठीत डोकावणारी हिंदी लगेच ऐकू येते. रोज थोडं मराठी मोठ्याने वाचून घ्या आणि सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना मुलांनाही बरोबर न्या. हेल घासूनपुसून काढायच्या मागे लागू नका. बोलायला संकोचणारं मूल कुणालाच नको असतं.

एजन्सी, कास्टिंग डायरेक्टर, कोऑर्डिनेटर यांत फरक काय?

भूमिकेसाठी माणूस निवडायचं काम निर्माता कास्टिंग डायरेक्टरला देतो आणि त्याचे पैसेही निर्माताच देतो. एजन्सीकडे मुलांची प्रोफाइल असतात. ती कास्टिंगवाल्यांना नावं सुचवते आणि काम मिळालं तर मानधनातून कमिशन घेते. कोऑर्डिनेटर एकटादुकटा असतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कास्टिंग कॉल, म्हणजे कोणत्या कामाला कसं मूल हवं त्याचा मेसेज, टाकतो, गर्दीच्या सीनसाठी मुलंही पुरवतो. चांगले कोऑर्डिनेटर आहेत. पण कधी एकाच कामात तीन कोऑर्डिनेटर एकामागे एक असतात आणि प्रत्येकाचा वाटा जाऊन तुमच्या हाती काय येणार, याचा पत्ता नसतो. "तुमच्या आणि प्रॉडक्शनच्या मध्ये किती जण आहेत?" हा प्रश्न सरळ विचारा.

रजिस्ट्रेशनचे पैसे मागतात. द्यावेत का?

देऊ नयेत.

फोन साधारण असा येतो. आवाज गोड, मागे ऑफिससारखा गलबला. "मॅम, आपके बच्चे का सिलेक्शन हो गया है, नॅशनल ब्रँड है, परसों शूट है।" तुम्ही म्हणता, अहो, ऑडिशन तर झालीच नाही. "मॅम, डायरेक्टर सर ने इंस्टाग्राम पर फोटो देखकर ही फायनल कर दिया।" पाच मिनिटांत क्यूआर कोड हजर. कॉस्च्यूम डिपॉझिट, आर्टिस्ट कार्ड, फाइल चार्ज, नाव काहीही असेल, आणि पुढे "रिफंडेबल" हा शब्द हमखास. रक्कमही अशी बेतलेली असते की मध्यमवर्गीय घर ती सहज देईल आणि बुडाली तर लाजेखातर पोलिसांत जाणार नाही. वर "आज शाम तक" ही घाई असतेच, कारण रात्रीत तुम्ही कोणाला विचारलंत तर बिंग फुटेल.

दुसरा प्रकार जरा सभ्य असतो. विजयनगरकडच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात "किड्स टॅलेंट हंट" भरतं. तीनशे मुलं येतात आणि जवळजवळ सगळीच पुढच्या फेरीत जातात. मग ग्रूमिंगचं, म्हणजे चालण्याबोलण्याच्या शिकवणीचं, पॅकेज, रॅम्प शो, ट्रॉफी, फोटो. याला सरळ फसवणूक म्हणता येत नाही, पण हे काम मिळण्याचं दार नव्हे. क्लास म्हणून परवडत असेल आणि मुलाला मजा येत असेल तर क्लास म्हणूनच घ्या.

मग एजन्सी खरी आहे हे कसं ओळखायचं?

टॅलेंट एजन्सीला वेगळा सरकारी परवाना लागतो असं आपल्याकडे नाही. म्हणून "गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड" असं कोणी म्हटलं की तिथेच शंका घ्या. जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या वेबसाइटवर टाकून बघा, नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. २३ म्हणजे मध्य प्रदेश, २७ म्हणजे महाराष्ट्र. मुंबईची एजन्सी म्हणवणाऱ्यांचा नंबर तिसऱ्याच राज्याचा निघाला तर खुलासा मागा. नोंदणी आहे म्हणजे माणूस सज्जन आहे असं नव्हे. एवढंच कळतं की पत्ता तरी आहे.

याहून उपयोगी उपाय म्हणजे ज्या ब्रँडचं नाव घेतलं जातं त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरच्या नंबरवर स्वतः फोन करणं. आणि एजन्सीने आधी काम दिलेल्या दोन-तीन मुलांच्या पालकांशी बोलणं. खरी एजन्सी त्यांना विचारून नंबर देते. "प्रायव्हसी पॉलिसी आहे" म्हणून टोलवाटोलवी झाली, तर तुम्हीही मुलाचे फोटो न देण्याची तीच पॉलिसी ठेवा.

आधार कार्डाची प्रत पहिल्याच मेसेजला पाठवू नका. काम पक्कं झाल्यावर वयाच्या दाखल्यासाठी ते लागतं, तेव्हा नंबर झाकलेलं मास्क्ड आधार आधी पुढे करा.

पोर्टफोलिओवर किती खर्च करावा?

लहान मुलासाठी जवळजवळ काहीच नाही. मुलं इतक्या भराभर वाढतात की आजचा महागडा अल्बम पुढच्या दिवाळीला शिळा होतो. दिवसाच्या उजेडात मोबाइलवर काढलेले पाच-सहा साधे फोटो पुरतात: समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उभा, एक हसरा आणि एक शांत. दर तीन महिन्यांनी ते बदला आणि उंची पुन्हा मोजा. एजन्सी अमुकच फोटोग्राफरकडे जा म्हणाली तर त्या फोटोग्राफरच्या बिलात तिचा वाटा असू शकतो, हे लक्षात ठेवा.

घरी ऑडिशनचा व्हिडिओ कसा करायचा?

मोबाइल आडवा धरा, वेगळं सांगितलं असेल तर उभा. मुलाचं तोंड खिडकीकडे आणि तुम्ही खिडकीकडे पाठ करून. मागे साधी भिंत, कॅलेंडर किंवा देवघर नको. पंखा बंद करा. कुकर लावला असेल तर शिट्ट्या होऊन जाऊ द्या. आधी इंट्रो: नाव, वय, उंची, शहर. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढे-मागे करून. त्यानंतर सीन. समोरच्या पात्राचे संवाद तुम्ही कॅमेऱ्यामागून म्हणा, पण हळू आवाजात. पालकांचाच अभिनय जास्त ऐकू येतो, असे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले आहेत.

पाठांतर करून घेताना "असं मान वळव, इथे डोळे मोठे कर" हे टाळा. प्रसंग सांगा आणि मुलाला बोलू द्या. कास्टिंगवाले मुलाला ऐनवेळी काहीतरी वेगळं करायला सांगतात, तेव्हा घोकून आलेलं मूल अडकतं. तीन टेकमध्ये झालं नाही तर उद्या करा.

व्हिडिओत शाळेचा गणवेश, घराची पाटी, गाडीचा नंबर दिसू देऊ नका. आणि अंतर्वस्त्रांत किंवा उघड्या अंगाने फोटो-व्हिडिओ मागितला तर कारण काहीही सांगोत, पाठवायचा नाही. डायपरच्या किंवा साबणाच्या खऱ्या जाहिरातीतही पहिल्या फेरीला कपड्यांतला फोटो चालतो.

चौदाखालच्या मुलांनी काम करणं कायदेशीर आहे का?

आहे, अटींसह. बाल आणि किशोरवयीन कामगारांबद्दलचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला. त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे, पण चित्रपट, मालिका, जाहिराती यांत कलाकार म्हणून काम करायला मुभा आहे. सर्कशीला मुभा नाही. शाळेवर परिणाम होता कामा नये, ही अट त्या कायद्यातच आहे.

बारकावे २०१७ च्या नियमांत आहेत आणि ते पालकांनी पाठ करून ठेवावेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग २७ दिवसांहून जास्त नाही. निर्मात्याने मुलांची यादी, पालकांची संमती आणि सुरक्षिततेसाठी जबाबदार माणसाचं नाव देऊन, हमीपत्रासह जिल्हा दंडाधिकाऱ्याची, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरची, परवानगी घ्यायची. हे हमीपत्र सहा महिने चालतं. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कशातही भाग घ्यायला लावायचं नाही.

परवानगी शूट होतं त्या जिल्ह्याची लागते, मूल राहतं त्या जिल्ह्याची नाही. महेश्वरला शूट असेल तर खरगोनच्या कलेक्टरची, मांडूला असेल तर धारच्या. ती काढणं हे निर्मात्याचं काम, पण "परवानगीची प्रत दाखवता का?" हे विचारणं तुमचं. "अरे मॅडम, एक दिन का तो शूट है" असं उत्तर मिळालं तर समजा की ती काढलेली नाही.

सेटवर प्रत्यक्षात काय होतं? आम्ही काय बघायचं?

मुख्य म्हणजे वाट बघायची. कॉल टाइम, म्हणजे हजर व्हायची वेळ, सकाळी सातची, मेकअप नऊला आणि पहिला शॉट जेवणानंतर, हे रोजचंच. कागदावर पाच तास मोजताना कॅमेऱ्यासमोरचे मिनिटं धरली जातात आणि बाकी वेळ कोणाच्या खिजगणतीत नसतो. तुम्ही तो धरा. छोट्या वहीत पोहोचल्याची वेळ, शॉट, जेवण, सुटका असं लिहीत जा. पुढे वाद झाला तर ही वहीच कामी येते. नुसती वही हातात दिसली तरी असिस्टंट डायरेक्टर जरा जपून वागतात, असंही पाहिलं आहे.

घरचा डबा न्या. युनिटचं जेवण चांगलं असतं, पण वेळेवर येईलच असं नाही आणि भुकेलं मूल म्हणजे वाया गेलेला शॉट. साधा भात, दशम्या, केळी, जे मुलाला रोज चालतं तेच. दोन जादा कपडे, औषधं, चित्रांची वही. कपडे बदलताना आणि बाथरूमला मुलाबरोबर तुम्हीच जा, सेटवर मदतीला असणारा स्पॉटदादा कितीही प्रेमळ असला तरी.

मॉनिटर, म्हणजे चाललेला शॉट दाखवणारा पडदा, दिसेल अशा ठिकाणी बसायला मागा. मूल तुमच्या नजरेआड जाणार नाही, ही अट आधी सांगितली तर सहसा मान्य होते. ऐनवेळी सांगितली तर तुम्ही कटकटी ठरता. रडण्याचा प्रसंग असेल तर तो कसा करून घेणार, हे आधी विचारा. ग्लिसरीन आहे, मागून आवाज टाकता येतो. "तुझी आई तुला सोडून गेली" असं सांगून खरंखुरं रडवायची जुनी खोड अजून काही जणांना आहे. तिथे उठून नाही म्हणायचं.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२२ मध्ये मांडलेल्या मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यात संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत मुलांकडून काम करून घेऊ नये, असं म्हटलं होतं. रात्रीचं शूट आहे म्हणाले की त्याची आठवण करून द्या.

आई-बाबांना सुट्टी नाही. आजीबरोबर पाठवलं तर?

आजीला "नाही" म्हणता येत असेल तर जरूर पाठवा. मोठ्या युनिटसमोर, इंग्रजी-हिंदी बोलणाऱ्या माणसांपुढे बऱ्याच आज्या दबून जातात आणि नातवाला ताप असला तरी "चालेल हो" म्हणतात. तुमच्या सहीचं पत्र द्या, त्यात आजीला शूट थांबवायचा अधिकार आहे असं स्पष्ट लिहा आणि दुपारी एकदा फोन करा.

तान्ह्या बाळाचं काय?

बाळाच्या कामात बहुधा दोन-तीन बाळं एकाच वेळी बोलावतात. एक झोपलं की दुसरं घेतात. स्टँडबाय बाळालाही पैसे मिळणार ना, हे आधी ठरवून घ्या. तीन महिन्यांखालच्या बाळांना, स्तनपान किंवा लसीकरणाच्या प्रचाराचा अपवाद सोडून, घेऊ नये असं वर सांगितलेल्या मसुद्यात होतं. मला विचाराल तर सहा महिन्यांपर्यंत तो विषयच काढू नये.

शाळा परवानगी देईल का?

मुख्याध्यापकांना आधी भेटलात तर बहुतेक देतात. नंतर आजारपणाची खोटी चिठ्ठी दिलीत आणि मूल टीव्हीवर झळकलं की सगळंच अवघड होतं. आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला बोर्ड पॅटर्नच्या परीक्षा आहेत, त्या महिन्यांत काम घेऊ नका. सीबीएसईच्या दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरी लागते. काम लांबलं तर अभ्यासाची सोय करणं नियमाने निर्मात्यावर आहे, तेव्हा सेटवर शिक्षक मागायला लाजू नका.

निवड झाली आहे, पण मे महिन्यात मुंज ठरली आहे!

हा प्रश्न मुंबईच्या माणसाला समजावून सांगताना मजा येते. मुंज, जावळ, सुट्टीतला बारीक कट, पडायला आलेला दुधाचा दात, सगळं पहिल्याच दिवशी सांगा. शूट संपलं तरी राहिलेले शॉट घ्यायला पुन्हा बोलावतात आणि मधल्या काळात पुढचे दोन दात गेले तर तेच हसू परत कुठून आणणार? "केस आणि दात कोणत्या तारखेपर्यंत असेच हवेत?" हे विचारून घ्या आणि मग गुरुजींकडून मुहूर्त काढा.

करारात काय वाचायचं?

अल्पवयीन मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात ग्राह्य नाही, म्हणून सही तुमची घेतात. म्हणजे बांधलेही तुम्हीच जाता. आधी बघा करार एक्सक्लुझिव्ह आहे का, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून काम घेता येणार नाही असा. नवख्या मुलाला तीन वर्षं बांधून घेणारा करार मी तरी सही करू देणार नाही. एक वर्ष, आणि महिन्याभराच्या नोटिशीवर बाहेर पडता यावं. आपोआप नूतनीकरणाचं कलम असेल तर खोडायला लावा.

कमिशन किती आणि कशावर? कायद्याने ठरलेला दर नाही. वीस टक्क्यांच्या आसपासचा आकडा पुष्कळदा कानावर येतो. प्रॉडक्शनने मंजूर केलेली मूळ रक्कम तुम्हाला कळली पाहिजे, नाहीतर टक्क्यांना अर्थ उरत नाही.

जाहिरातीत याहून मोठा मुद्दा वापराचा असतो. फोटो किंवा फिल्म किती काळ, कुठे आणि कशावर वापरणार: टीव्ही, इंटरनेट, होर्डिंग, पाकिटावर? एका दिवसाच्या मानधनात "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" लिहून घेतात आणि मुलगी कॉलेजात गेली तरी तिचा पाच वर्षांचा चेहरा बिस्किटाच्या पुड्यावर राहतो. एक-दोन वर्षांची मुदत मागा. त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडचं काम किती दिवस घेता येणार नाही, हेही बघा. ओळखीच्या वकिलांना करार दाखवायला एक संध्याकाळ लागते.

पैसे किती मिळतात आणि कधी?

आकडा कामागणिक इतका बदलतो की सांगण्यात अर्थ नाही. हिशेब कसा होतो ते मात्र दाखवते. समजा मानधन २०,००० ठरलं. वीस टक्के कमिशनचे ४,००० गेले. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाच्या मुदत ठेवीत थेट जमा करायचे असा नियम आहे, ते ४,०००. उरले १२,०००. त्यातून लुक टेस्टसाठी एकदा, शूटसाठी एकदा, असं दोघांचं मुंबईला जाणंयेणं, राहणं, रिक्षा आणि तुमची बिनपगारी रजा. खर्च प्रॉडक्शनने उचलला नाही तर हाती काय उरेल, ते तुम्हीच मांडा. घरखर्चाला हातभार म्हणून याकडे बघू नये, असं मी म्हणते ते यामुळेच.

पैसे शूटच्या दिवशी मिळत नाहीत. दोन-तीन महिने लागणं नेहमीचंच, म्हणून तारीख करारात हवी. मुदत ठेवीची पावती मागून घ्या. मूल सज्ञान झाल्यावर ती रक्कम त्याची, मधे गाडी घ्यायला ती मोडायची नसते.

मुलाच्या कमाईवर टॅक्स?

मुलाचं इतर उत्पन्न आई किंवा वडील यांतल्या जास्त कमावणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. स्वतःच्या कौशल्याने मिळवलेलं मात्र मुलाचं स्वतःचं मानलं जातं. त्या पैशांवरचं व्याज पुन्हा पालकांच्या उत्पन्नात धरलं जातं, तिथे अनेक जण चुकतात. मुलाचं पॅन कार्ड काढता येतं, ते काढून ठेवा. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, कापला असेल तर तो त्याच पॅनवर दिसला पाहिजे.

मूल ऐनवेळी "मला नाही करायचं" म्हणालं तर?

तर नाही. नियमच तसा आहे हे वर आलंच आहे. आधी पाणी द्या, बाहेर फेरी मारून आणा, दहा मिनिटं थांबा. अनेकदा कारण टोचणारा शर्ट असतो. पण तरीही नकार असेल तर "एवढे लोक थांबलेत, बाबांनी रजा घेतली आहे" हे ओझं त्याच्यावर घालू नका. नुकसानभरपाईचं कलम करारात असेल तर ते सहीच्या आधी काढून टाकायला सांगायचं, ते याच दिवसासाठी.

डान्स-गाण्याचे रिअॅलिटी शो?

मला फारसे रुचत नाहीत. तासन्‌तास रांगा, रात्री उशिरापर्यंत चाललेलं चित्रीकरण आणि घरची गरिबी किंवा आजारपण कॅमेऱ्यासमोर सांगायचा आग्रह. मुलांना मोठ्यांच्या गाण्यांवर अशोभनीय हावभाव करायला लावू नका, असं माहिती-प्रसारण मंत्रालयाला २०१९ मध्ये वाहिन्यांना बजावावं लागलं होतं. जायचंच असेल तर गाणं आणि कपडे आपण मंजूर करू, अशी अट घाला.

इन्स्टाग्रामवर पेज काढावं का?

तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकच चालवतात असं तिथे लिहावं लागतं. शाळा, क्लासची वेळ, रोजची बाग टाकू नका, मेसेज बंद ठेवा. पेज असल्याने काम मिळतंच असं नाही. फसवे फोन मात्र हमखास येतात.

काही वाईट घडलं तर कुठे जायचं?

मुलाशी गैरवर्तन झालं असेल तर १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) ला फोन, आणि जवळचं पोलीस ठाणं. लैंगिक अत्याचाराला २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. घटना मुंबईत झाली तरी तक्रार इंदुरात नोंदवता येते. "हमारे एरिया का मामला नहीं" असं सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर म्हणा, म्हणजे हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. सेवेबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. तासांचे नियम मोडले जात असतील तर कलेक्टर कार्यालय, कामगार विभाग किंवा बालमजुरीच्या तक्रारींसाठीचं केंद्र सरकारचं पेन्सिल पोर्टल.

एजन्सी सोडायची असेल तर?

नोटीस ईमेलने पाठवा, नुसत्या व्हॉट्सअॅपवर नको. त्यात तीन गोष्टी मागा: झालेल्या प्रत्येक कामाची आणि थकलेल्या पैशांची यादी, वेबसाइटवरून आणि सोशल मीडियावरून मुलाचे फोटो काढल्याची लेखी खात्री, आणि ज्यांना प्रोफाइल पाठवलं त्यांना एजन्सी आता मुलाची प्रतिनिधी नाही असं कळवल्याचं पत्र. सुरू असलेल्या जाहिरातीचा वापर मुदत संपेपर्यंत चालूच राहील, तो थांबत नाही. ती मुदत कॅलेंडरवर मांडून ठेवा. त्यानंतरही जाहिरात दिसली तर तारखेसह फोटो काढा आणि जास्तीच्या वापराचं बिल पाठवा.